गाळ मोजता, तर पाणीही मोजा

महाडकराला घनमीटर शिकवायला नको. जुलै 2021च्या पुरानंतर सावित्रीतून किती गाळ निघाला आणि किती राहिला, यावर इथे चहाच्या टपरीवरही वाद रंगतो. त्याच मापातला आणखी एक आकडा ऐका. जहाजाने बाहेर सोडलेल्या एका घनमीटर पाण्यात 50 मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमीच असावेत, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्याची शेवटची मुदत 8 सप्टेंबर 2024ला संपली.

रिकामं जहाज तोल सांभाळायला टाक्यांत समुद्राचं पाणी भरून घेतं आणि पुढच्या बंदरात माल चढवताना ते ओतून टाकतं. त्यातून अंडी, अळ्या, शेवाळ फुकट प्रवास करतात. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरची एक जेली 1980च्या दशकात अशीच काळ्या समुद्रात उतरली. तिने माशांचं खाद्य खाल्लं, माशांची अंडीही खाल्ली. मासेमारीचा अतिरेक आधीच चालू होता, त्यात ही भर. हमसी, म्हणजे आपल्या मांदेलीच्या गोतातला मासा, दशक संपताना जाळ्यात येईनासा झाला. जगाने करार केला 2004 साली. तो लागू व्हायला 2017 उजाडलं!

आधीचा उपाय होता, किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांवर पाणी बदला. बाल्टिकसारख्या कोंडलेल्या समुद्रात एवढं दूर जायला जागाच नाही. म्हणून आता जहाजावरच पाणी गाळायचं आणि अतिनील किरणांनी किंवा क्लोरीनने त्यातले जीव मारायचे.

हे दिघी आणि न्हावा-शेव्याचं दुखणं, आम्हाला काय त्याचं, असं महाड-पोलादपूरकरांनी म्हणू नये. बाणकोटला आत शिरलेली भरती दासगाव ओलांडून महाडपर्यंत चढते. महाड जुनं बंदर होतं ते त्याच भरतीच्या जिवावर. पोलादपूरकडून येणारी धार उन्हाळ्यात बारीक होते, तेव्हा खारं पाणी आणखी वर सरकतं. ही खाडी लांब आहे, चिंचोळी आहे. आत आलेला पाहुणा सहज बाहेर जात नाही.

असा एक पाहुणा देशात आलेलाही आहे. उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचा काळ्या पट्ट्याचा शिंपला 1967मध्ये विशाखापट्टणमला सापडला, पुढे मुंबईच्या गोदीतही. त्याला खारं, मचूळ, घाण, कुठलंही पाणी चालतं. ऑस्ट्रेलियात डार्विनला 1999मध्ये तो दिसताच त्यांनी नौकांच्या गोद्या बंद केल्या, क्लोरीन आणि मोरचूद ओतून सगळं मारलं, तेव्हा तो गेला. गोदीला दरवाजे असतात म्हणून ते जमलं. सावित्रीला कुठून दरवाजा लावणार?

त्यातून महाडच्या कारखान्यांचं सांडपाणी प्रक्रिया होऊन याच खाडीत जातं. तिसऱ्या आणि कालवं त्या पाण्याने थकली, तर काटक परक्यासाठी जागा आपणच मोकळी करून देतो.

आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाखाली गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेने या शतकाच्या सुरुवातीला मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरांत कोणते जीव आहेत, याची पायाभूत नोंद केली. तशीच नोंद बाणकोट, आंबेत आणि दासगावला व्हायला हवी, तीही परका शिंपला दिसण्याआधी. पाण्यात पट्ट्या टांगायच्या, दर तीन महिन्यांनी काढून त्यांवर काय चिकटलंय ते लिहून ठेवायचं. महाडच्या कॉलेजातली प्राणिशास्त्राची मुलं हे करू शकतात. सागरी मंडळाने होडी आणि खर्च द्यावा, आणि पहिली पट्टी या पावसाळ्यानंतर लगेच पाण्यात जावी.