म्हातारा गोलरक्षक घेताना: नवख्या मॅनेजरसाठी मार्गदर्शक

अभिनंदन! एनएचएलच्या एका आइस हॉकी संघाची सूत्रं तुमच्या हाती आली आहेत. मार्च उजाडलाय, खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत दोन दिवसांवर आलीय आणि तुमचा गोलरक्षक दोन पायांच्या फटीतून गोल खातोय. तेवढ्यात फोन वाजतो. पलीकडचा म्हणतो, "आमच्याकडे एक अनुभवी माणूस आहे." अनुभवी म्हणजे किती वर्षांचा, ते आधी विचारून घ्या.

पायरी पहिली: माल बघा. बैलबाजारात दात मोजतात. इथे त्याचा उपयोग नाही, गोलरक्षकाचे दात मुखवट्याआड शाबूत राहतात. बघायचे ते खुबे. हल्लीचा गोलरक्षक धपकन गुडघ्यांवर बसतो, नडग्या दोन्ही बाजूंना फाकवतो आणि लगेच उठतो. सामन्यात आणि सरावात हे सतत चालतं. आपल्याकडे पंगतीत मांडी घालून बसलेला चाळिशीचा माणूस उठताना काय आवाज काढतो, ते आठवा.

पायरी दुसरी: गोलरक्षक ड्वेन रोलोसनचा अभ्यास करा. मार्च २००६ मध्ये एडमंटन संघाने नवोदित खेळाडू निवडण्याचा पहिल्या फेरीतला हक्क देऊन त्याला आणलं तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. लोकांनी नाकं मुरडली. एडमंटन आठव्या क्रमांकावरून रडतखडत बाद फेरीत शिरला आणि याच माणसाच्या जिवावर थेट स्टॅनली कपच्या, म्हणजे एनएचएल अजिंक्यपदाच्या, अंतिम फेरीत पोचला. तिथे पहिल्याच सामन्यात धडक बसून त्याचा गुडघा गेला. बदली आलेल्या टाय कॉन्क्लिनचा गोलजाळीमागे आपल्याच सहकाऱ्याशी पक (खेळाची चकती) देण्याघेण्यात घोटाळा झाला आणि शेवटच्या मिनिटात सामना गेला. पुढे निर्णायक सातव्या सामन्यात कपही गेला. म्हणून म्हातारा घ्याल तेव्हा दुसरा गोलरक्षकही नीट पारखून ठेवा. (हे वाक्य नवखे मॅनेजर नेहमी गाळून वाचतात.)

पण गडी संपला नव्हता. जानेवारी २०११ मध्ये टँपा बेने त्याला उचललं. वय ४१, किंमत एक तरुण बचावपटू. बाद फेरीत पिट्सबर्गविरुद्धचा निर्णायक सातवा सामना त्याने १-० ने काढून दिला. पुढे बोस्टनविरुद्धचा सातवा सामना १-० नेच गेला. समोरच्या जाळीत टिम थॉमस होता, ३७ वर्षांचा.

इथवर वाचून तुम्ही फोन उचलला असेल. ठेवा खाली.

पायरी तिसरी: कागद वाचा. पस्तिशीनंतर अनेक वर्षांचा करार केलेला खेळाडू मध्येच निवृत्त झाला, तरी त्याच्या पगाराचा आकडा तुमच्या पगारमर्यादेत मोजला जाऊ शकतो. माणूस घरी, बोजा तुमच्या डोक्यावर. पस्तिशीच्या आतला लांबलचक करारही महागात पडू शकतो: गोलरक्षक रॉबर्टो लुआँगोला व्हँकुव्हरने २००९ मध्ये तिशीतच १२ वर्षांचा करार दिला होता. २०१४ मध्ये त्याला फ्लोरिडाला देऊन टाकलं. २०१९ मध्ये तो निवृत्त झाला आणि त्यानंतर तीन हंगाम व्हँकुव्हरच्या मर्यादेतून दरवर्षी सुमारे ३० लाख डॉलर कापले गेले. माणूस विकला, तरी दंड उरला.

पायरी चौथी: एक उन्हाळा, बस्स. म्हातारा गोलरक्षक मार्चमध्ये घ्यायचा आणि जूनमध्ये हात जोडून निरोप द्यायचा. टँपाने तसं केलं नाही, प्रेमापोटी रोलोसनला आणखी एक हंगाम ठेवून घेतलं. चांगला गोलरक्षक शंभरातले एक्क्याण्णव-ब्याण्णव फटके अडवतो. त्या हंगामात रोलोसनने एकोणनव्वदही अडवले नाहीत.