डी की जी?

बोरा बाजारात जुनी लेन्स घ्यायला निघालो तेव्हा माझ्या पिशवीत एक जबरदस्त उजेडाचा टॉर्च, स्टीलची फूटपट्टी, मऊ फडकं, सकाळचं वर्तमानपत्र आणि ते भिंतीला चिकटवायला सेलोटेप होती. कॅमेराही होता. त्याची बॅटरी मात्र डोंबिवलीला, चार्जरमध्ये, शंभर टक्के भरून पडली होती.

निघताना पुतण्याचा फोन आला. तो लग्नाचे फोटो काढतो; आमच्या घरात याला 'अजून काही करत नाही' म्हणतात. "काका, निकॉनची पन्नास एमएम घेताय ना? डी की जी?"

"अरे, अक्षरं काय बघायची? काच बघायची असते," मी म्हटलं आणि फोन ठेवला. रात्र रात्र जागून मी जुन्या लेन्सचा अभ्यास केला होता. एवढा अभ्यास कॉलेजात केला असता तर लेन्स नवीच घेतली असती.

दुकानदार वयस्कर आणि शांत. त्यानं एफ १.८ ची लेन्स काउंटरवर ठेवली, साडेपाच हजार सांगितले आणि चहा मागवला. मी लेन्स डोळ्याला लावली. आत अंधार, मधोमध सुईएवढं भोक.

"हिची पाती अडकलीत," मी निकाल दिला.

त्यानं लेन्स उलटी केली, मागची बारीकशी दांडी नखानं सरकवली आणि सातही पाती फटकन उघडली. नख काढलं, मिटली. ही लेन्स कॅमेऱ्यावरून काढली की रिंग ज्या आकड्यावर असेल तेवढी मिटून बसते, आणि रिंग होती २२ वर. "हेच बघायचं होतं मला," मी म्हटलं. पात्यांवर तेल आलं असेल तर ती सुस्तावतात, हे मी वाचलेलं होतं. म्हणून ती दांडी मी खटाखट हलवत राहिलो. शेवटी त्यानं चहाचा ग्लास हातात देऊन लेन्स काढून घेतली.

मग टॉर्च. फंगस हा मुंबईच्या लेन्सचा राजरोग. हवेतला दमटपणा बरेच दिवस ७० टक्क्यांच्या वर राहिला की काचेवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. ती जे आम्ल सोडते ते काचेवरचा लेप खातं. मग वरची बुरशी पुसली तरी खालचे डाग जात नाहीत. आणि आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ७० टक्के म्हणजे कोरडा दिवस. मी मागून टॉर्च मारला, पुढून वाकून बघितलं आणि किंचाळलोच. आत अख्खी आकाशगंगा!

"धूळ आहे, साहेब. फोटोत येत नाही. या उजेडात गंगाजळपण गढूळ दिसेल."

मी त्याला सुनावलं, की पुढच्या काचेवरचा ओरखडा चालेल, पण मागच्या काचेवरचा चालणार नाही, कारण ती सेन्सरच्या जवळ असते. तो हो म्हणाला. ओरखडा कुठेच नव्हता. तरीही मी बराच वेळ शोधला.

आता फोटो काढून बघायचं, तर बॅटरी नाही. त्यानं बिनातक्रार स्वतःचा कॅमेरा पुढे केला. शेजारच्या दुकानाच्या बंद शटरवर मी वर्तमानपत्र चिकटवलं. लेन्स कधी पडली असेल तर आतली एखादी काच तिरकी होते आणि फोटोचा एकच कोपरा धुरकट येतो, म्हणून चारही कोपऱ्यांची अक्षरं ताडून बघायची असतात. मी बघेपर्यंत मागे पाचसहा जण जमले. "कसली नोटीस लागली, जप्तीची?" एकानं विचारलं. दुसरा राशिभविष्य वाचत होता. त्याचं होईपर्यंत मला थांबावं लागलं.

कोपरे चारही खणखणीत. मग फूटपट्टी तिरकी ठेवून पंधराच्या रेघेवर फोकस केला. टर्रर्र आवाज करून लेन्सनं पंधराच पकडला, चौदा नाही की सोळा नाही. त्या आवाजाबद्दल नाक मुरडून मी पाचशे कमी करून घेतले आणि मुंबईतला सर्वांत चाणाक्ष ग्राहक म्हणून घरी आलो.

बॅटरी घातली, लेन्स चढवली. कॅमेऱ्यानं इंग्रजीत लिहिलं: फी. पाच हजार मोजल्यावर आणखी कसली? रिंग पुन्हा २२ वर नेऊन अडकवायची असते, हे पुस्तिकेत सापडलं. फी माफ झाली. पण फोकस होईना. बटण दाबलं, टर्र नाही, साधं हूं नाही.

दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये उभ्यानं मी ग्राहक मंचापुढचं भाषण पाठ केलं. दुकानदारानं ते पहिल्या वाक्यालाच थांबवलं, माझा कॅमेरा उघडा करून स्वतःच्या कॅमेऱ्याशेजारी ठेवला. त्याच्या कॅमेऱ्याच्या गोल तोंडाशी एक इवलं स्क्रूचं टोक होतं. माझ्या तिथे गुळगुळीत.

"ही डी वाली लेन्स. हिच्यात मोटर नसते. कॅमेऱ्यातली मोटर या स्क्रूनं हिला फिरवते. तुमच्या डी३३०० मध्ये मोटरच नाही. एएफ-एस जी वाली घ्या, मोटर तिच्या पोटात असते. वर दोन हजार द्या, बदलून देतो."

इथे शहाण्या माणसानं दोन हजार काढले असते.

"ते ठाऊक आहे मला," मी म्हणालो. "मी फोकस हातानंच करतो."

"मग आलात कशासाठी?"

"मागचं झाकण राहिलं होतं."

झाकण त्यानं आदल्या दिवशीच दिलं होतं. तरी त्यानं काही न बोलता दुसरं दिलं. आता माझ्याकडे दोन आहेत.

पुढच्याच आठवड्यात चुलतभावाच्या मुलाची मुंज होती. हातानं फोकस करायला व्ह्यूफाइंडरमध्ये एक हिरवा ठिपका मदत करतो. फोकस जमला की तो स्थिर होतो. पण एफ १.८ ला, मीटरभर अंतरावर, स्पष्ट दिसणारा पट्टा असतो जेमतेम तीन सेंटिमीटरचा. मातृभोजनाला वहिनींनी लाडवाचा घास उचलला. "तसाच धरा!" मी ओरडलो. ठिपका आला, बटू हलला. ठिपका आला, वहिनी हसल्या. ठिपका गेला, गुरुजी खाकरले. बटूनं आ वासून इतका वेळ काढला की त्याची आजी डोळे पुसू लागली, आणि ते भावनेनं नव्हे.

संध्याकाळी फोटो मोठ्या पडद्यावर लावला. आई धूसर, मुलगा धूसर, पाहुणे म्हणजे नुसते रंगाचे गोळे. लाडवावरचा बेदाणा मात्र सुरकुतीन् सुरकुती मोजावी इतका स्पष्ट.

वहिनी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मुंज कुणाची होती भाऊजी, बेदाण्याची?"