फाइलवाले बापू

सकाळी आमच्या सोसायटीत लोक पेपर वाचतात, बापू स्वतःचे रिपोर्ट वाचतात. निवृत्तीनंतर कुणी बागेत रमतं, कुणी भजनात. बापू रमले लॅबच्या पॅकेजांत. "तब्येत काय म्हणते?" विचारलं की हात छातीवर जात नाही, काखेतल्या निळ्या फाइलवर जातो.

परवा डोक्यावरून हनुवटीखाली मफलर आवळून आले. "दाढ ठणकतेय," एवढं पुटपुटून फाइल उघडली. "अमायलेज १६८! वरची मर्यादा ११०. ठळक छापलंय बघा. स्वादुपिंड गेलं माझं!" सलग तीन संध्याकाळी आमच्याच सोफ्यावर, आमचाच चहा घेत, ते या जगाचा निरोप घेत होते.

शेवटी मीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

"पोटात वरच्या बाजूला दुखतंय? कळ पाठीत जाते? उलट्या?"

बापू फाइल चाळू लागले. "हे पॅकेजात नव्हतं."

"अहो, स्वादुपिंडाला एकाएकी सूज आली की माणूस कळवळतो. अमायलेजही सहसा मर्यादेच्या तिप्पट पलीकडे जातं, ३३०च्या वर. आणि ते काही एकट्या स्वादुपिंडाचं नाही. भाकरीचा घास चावत राहिलात की गोड लागतो ना? ती लाळेतल्या अमायलेजची करामत, पिठाची साखर करतं ते. मफलर सोडा बघू."

मफलर सुटला. कानाखालचा गाल टम्म फुगलेला!

"घरात कुणाला गालगुंड?"

"नातवाला झालं होतं. तीनेक आठवडे झाले."

"तेच आता आजोबांना. लाळग्रंथी सुजली की अमायलेज रक्तात वाढतं. गालगुंडात क्वचित स्वादुपिंडही सुजतं, म्हणून लायपेज पाहू. ते मुख्यतः तिथलंच."

नवी तपासणी म्हटल्यावर बापूंचा उरलेला गालही फुलला. लायपेज नॉर्मल आलं, तेव्हा मात्र हिरमुसले. एवढे पैसे मोजून साधं ठळक अक्षरसुद्धा नाही!

"पाच दिवस घराबाहेर पडायचं नाही. हा लागट आजार आहे," डॉक्टरांनी बजावलं.

लिफ्टमध्ये माझा हात नकळत कानाखाली गेला. बापूंच्या नजरेतून ते सुटलं नाही. मफलर पुन्हा आवळत ते मायेने म्हणाले, "तुम्हीही अमायलेज करून घ्या. दोघांनी केलं तर सवलत आहे."