बंद संगणकाचे निदान : घरगुती पद्धत

घरगुती संगणक तीन तऱ्हांनी सुरू होत नाही. पहिल्या तऱ्हेत बटण दाबले तरी काहीच घडत नाही. दुसरीत पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो. तिसरीत पडद्यावर काहीतरी उमटते, ते इंग्रजीत असते आणि घरातले कोणी ते पुरते वाचत नाही. तिन्हींना घराघरांत नाव मात्र एकच आहे : ‘कॉम्प्युटर बिघडला’. दुकानदाराला फोनवर हेच ऐकवले जाते आणि तोही ‘घेऊन या, बघू’ एवढेच म्हणतो. तेव्हा तऱ्हा कोणती ते आधी ठरवावे. कोणावर चिडायचे ते मागाहून ठरवता येते.

वीज भिंतीतून निघते, एक्स्टेन्शन बोर्डातून आणि यूपीएसमधून वाट काढत पेटीत शिरते. संशय बरोबर उलट्या दिशेने चालतो. तो पेटीच्या पोटातल्या व्हायरसपासून सुरू होतो, तिथून धाकट्याने उतरवलेल्या गेमवर येतो, आणि भिंतीवरच्या बटणापर्यंत पोहोचायला त्याला दोन दिवस लागतात. पुढील पद्धत विजेच्या मागून चालते. व्हायरसबद्दल एवढेच नोंदवावे की तो एक प्रोग्रॅम आहे आणि चालायला त्यालाही वीज लागते. ज्या यंत्राचा पंखासुद्धा हलत नाही, त्या यंत्रापुरता व्हायरस निर्दोष समजावा.

निदानाआधी चौकशी होतेच. ‘काल शेवटी कोण बसलं होतं?’ हा पारंपरिक प्रश्न, आणि ‘मी फक्त बंद केला’ हे त्याचे पारंपरिक उत्तर. दोन्हींतून माहिती शून्य मिळते. उपयोगाचे प्रश्न वेगळे आहेत. टेबलाखाली झाडू कोणी फिरवला? इस्त्रीसाठी कोणता प्लग काढला? रात्री लाईट गेली होती का, आणि आली तेव्हा दिवे एकदम भगभगले होते का? पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरात वायर सैल झाल्याचे कळते, तिसऱ्याच्या उत्तरात खर्च कळतो.

आता भिंत. सॉकेटमध्ये वीज आहे की नाही हे ‘काल तर होती’ या पुराव्यावर ठरवू नये. तिथे टेबललॅम्प किंवा मोबाईलचा चार्जर लावून पाहावा. मग एक्स्टेन्शन बोर्ड. या बोर्डाला स्वतःचे एक लाल बटण असते आणि ते टेबलाच्या मागे, बरोबर पायाचा अंगठा लागेल अशा जागी येते. त्यातली पितळी पाती वर्षानुवर्षे जाड पिना खुपसून फाकलेली असतात. प्लग हलवला की जोडणी होते, हात काढला की तुटते. घडी केलेल्या कागदाची पाचर मारून प्लग तिरका बसवण्याची कला अनेक घरांत वंशपरंपरेने चालत आली आहे. ती तिथेच थांबवून नवा बोर्ड घ्यावा. तीन पिनांपैकी सर्वांत लांब आणि जाड पिन अर्थिंगची असते. प्लग घालताना ती आधी टेकावी आणि काढताना शेवटी सुटावी म्हणून तिची लांबी जास्त. पेटीच्या पत्र्याला अनवाणी उभे राहून हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नाही असे समजावे आणि संगणकवाल्याला सोडून इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

यूपीएस हा घरातला सर्वांत गैरसमज झालेला सदस्य. लाईट गेल्यावर तो पीं-पीं करतो ते ‘काम वाचवा आणि बंद करा’ असे सांगण्यासाठी. ‘अजून चालतंय, बसा’ असा अर्थ त्यातून काढू नये. घरगुती यूपीएसच्या पोटात बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची शिसे-आम्लाची एक बॅटरी असते. दोन-तीन वर्षांत ती थकते, भारनियमनाच्या गावात त्याआधीच. थकलेल्या बॅटरीचे काही यूपीएस मुळात चालूच होत नाहीत, आणि संगणकावर आरोप येतो. खात्रीसाठी यूपीएस बाजूला काढून संगणकाची वायर थेट भिंतीत लावावी. संगणक सुरू झाला तर दुखणे सापडले. यूपीएसचे स्वतःचे बटणही दोन-तीन सेकंद दाबून धरावे लागते, हे यूपीएस बदलून आणल्यावर लक्षात येते.

वीज पेटीपर्यंत आली असेल, तर पुढचा टप्पा एसएमपीएस. पेटीच्या मागे, वायर खुपसतात तिथे, पंख्याची जाळी असलेला हा पत्र्याचा डबा. भिंतीतले २३० व्होल्ट घेऊन तो १२, ५ आणि ३.३ व्होल्ट असे तीन रतीब घालतो. त्याच्या पाठीवर एक छोटे बटण असते. एका बाजूला रेघ, दुसऱ्या बाजूला शून्य. शून्य म्हणजे बंद. पेटी पुसताना ते शून्यावर जाते, आणि दुरुस्तीच्या अनेक फेऱ्यांचे मूळ या शून्यात सापडते. जुन्या डब्यांवर ११५ आणि २३० असे आकडे लिहिलेली लाल पट्टीही सरकते. ती ११५ वर नेली तर काय होते याचा प्रयोग करू नये. स्फोटाचा आवाज शेजारी ऐकू जातो. डबा उघडूही नये. आत वीज सरळ केल्यावर ती सव्वातीनशे व्होल्टच्या घरात जाते आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ कपॅसिटरमध्ये दबा धरून बसते.

इथे एक तोडगा सांगितला पाहिजे. तो ऐकायला लिंबू-मिरचीच्या जातीचा वाटतो, पण त्यामागे कारण आहे. प्लग पूर्ण काढावा, चालू करायचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरावे, मग प्लग लावून पुन्हा प्रयत्न करावा. आधुनिक संगणक बंद दिसला तरी प्लग लावलेला असेपर्यंत त्याच्या मदरबोर्डला ५ व्होल्टचा एक बारीक झरा चालू असतो. म्हणून तर पुढचे बटण नुसता इशारा देऊन त्याला उठवू शकते. लाईटच्या झटक्याने हा इशारा ऐकणारा भागच कधीकधी अडकून बसतो. उरलीसुरली वीज निपटून काढली की तो भानावर येतो. नेहमीच येतो असे नाही.

दुसऱ्या तऱ्हेत, म्हणजे पंखा फिरतो पण पडदा काळा अशा वेळी, पहिला मान पडद्याला द्यावा. मॉनिटरला स्वतःची वायर आणि स्वतःचे बटण असते. त्यावर ‘नो सिग्नल’ अशी पाटी तरंगत असेल तर मॉनिटर जिवंत आहे. त्याच्याशी कोणी बोलत नाही, एवढेच. मागची निळ्या तोंडाची जुनी केबल १५ पिनांची असते आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळायचे असतात. कोणी आवळत नाही. ज्या घरात मुलाने गेमसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवले आहे, तिथे केबल कार्डात न लावता मदरबोर्डच्या भोकात लावली जाते. भोके सारखीच दिसतात. पडदा काळा राहतो, आणि मुलगा क्लासला गेलेला असतो.

इतके होऊनही पडदा काळा असेल तर पेटी उघडावी. या पेटीला सगळे सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू आत पंख्याखाली दडलेला, बिस्किटापेक्षाही लहान असा चौकोनी तुकडा असतो. पण ‘सीपीयूवर पाय ठेवू नको’ हे वाक्य आता कोणी बदलू शकत नाही. प्लग काढून, पेटी आडवी ठेवून, बाजूचा पत्रा सरकवावा. आत जे दिसते त्याने दचकू नये. पंख्याच्या पात्यांवर करड्या धुळीचा नमदा बसलेला असतो. जाळीत दसऱ्याच्या पूजेतली झेंडूची सुकी पाकळी अडकलेली असते, मदरबोर्डच्या कडेला हळद लागलेल्या दोन अक्षता असतात आणि त्यांच्या वासाने आलेल्या मुंग्यांची एक जुनी वाट. दसऱ्याला यंत्राची पूजा जरूर करावी; फक्त अक्षता कीबोर्डवर वाहाव्यात, जाळीवर वाहू नयेत. धूळ मऊ ब्रशने काढावी आणि पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. ओला फडका आणू नये.

काळ्या पडद्याचे सर्वांत वारंवार सापडणारे कारण रॅम. मदरबोर्डवर उभी खोचलेली हिरवी किंवा काळी पट्टी, तिच्या खालच्या कडेला सोनेरी दात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, या दातांवर दमटपणाने पुटे चढतात आणि पट्टी आहे तिथेच असून नसल्यासारखी होते. इलाज शाळेच्या कंपासपेटीत मिळतो : पेन्सिलीचा खोडरबर. क्लिपा बाहेर ढकलून पट्टी काढावी, दातांवर दोन्ही बाजूंनी खोडरबर हलक्या हाताने फिरवावा, कोरड्या कपड्याने कण झटकावेत. लॅमिंग्टन रोडवरचा किंवा तपकीर गल्लीतला कारागीरही पुष्कळदा हेच करतो. त्याचा खोडरबर जास्त झिजलेला असतो, इतकाच फरक. पट्टीच्या कडेला एक खाच असते आणि ती मधोमध नसते, त्यामुळे पट्टी एकाच बाजूने बसते. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून क्लिप ‘टक्’ करेपर्यंत दाबावी. ही टक् ऐकू येण्याआधी बहुतेकांचा धीर सुटतो, कारण बोर्ड किंचित वाकतो. तेवढा तो वाकतो. हात लावण्याआधी पेटीच्या पत्र्याला एकदा स्पर्श करावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. स्वेटर घालून हे काम करू नये.

काही पेट्यांत छोटा स्पीकर असतो आणि तो पिपाणी वाजवतो. चालू होताच यंत्र आधी स्वतःची नाडी तपासते. १९८१ च्या आयबीएम पीसीपासूनची ही रीत आहे, आणि सगळे ठीक असल्यास एक आखूड पीं हा निरोपही तेव्हापासूनचा. पुन्हापुन्हा येणारी लांब पीं बहुधा रॅमची तक्रार असते. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे पुष्कळ बोर्डांवर ग्राफिक्सची. प्रत्येक कंपनीची भाषा थोडी वेगळी, म्हणून मदरबोर्डचे पुस्तक पाहावे. ते पुस्तक वॉरंटी कार्डासोबत अशा सुरक्षित जागी ठेवलेले असते की ती जागा कोणालाच आठवत नाही.

तिसऱ्या तऱ्हेत पडदा बोलतो. यंत्र ‘बूट होत नाही’ असे तेव्हा म्हणतात. या शब्दाचा चपलांच्या कपाटाशी दूरचा संबंध आहे : आपल्याच बुटाचे पट्टे धरून आपल्यालाच वर उचलणे अशी मूळ कल्पना. अडचण अशी की प्रोग्रॅम आत आणायला आधी एक प्रोग्रॅम आत असावा लागतो. पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचे नाही, असे ठरवले तर होते तसेच. म्हणून मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये पाण्यात ढकलणारा एक छोटा प्रोग्रॅम कायमचा ठेवलेला असतो. तो डिस्क शोधतो. डिस्क सापडत नाही असा मजकूर आला तर सर्वांत आधी लग्नाचे फोटो आणलेला पेनड्राइव्ह मागे लटकतो आहे का ते पाहावे. कित्येक यंत्रे विंडोज त्या पेनड्राइव्हमध्ये शोधत बसतात. एकेकाळी हाच मान विसरलेल्या फ्लॉपीला होता. पेनड्राइव्ह नसेल तर डिस्कची चपटी केबल दाबून बसवावी. डिस्कमधून ठरावीक अंतराने टक-टक येत असेल तर मात्र बंद-चालू, बंद-चालू हा खेळ ताबडतोब थांबवावा. आतला हेड जागा शोधत आपटत असतो आणि प्रत्येक प्रयत्नागणिक लग्नाचे फोटो थोडे थोडे जात असतात.

सगळे उपाय थकले की पेटी स्कूटरच्या पायाजवळच्या जागेत उभी करून दुकानात नेतात. दुकानात ती पहिल्या फटक्यात सुरू होते. माणसे याला यंत्राचा खोडसाळपणा म्हणतात, पण हेही एक निदानच आहे. खड्ड्यांतून येताना सैल जोडणी बसली असेल, किंवा घरचा बोर्ड घरीच राहिला म्हणून यंत्र बरे झाले असेल. घरी आणून जोडल्यावर पुन्हा बंद पडले, तर दुसरे कारण खरे. तपासणीचे पैसे दोन्ही वेळा द्यावे लागतात.

सुरू झालेला संगणक कधीकधी तारीख विसरलेला असतो. मदरबोर्डवर ३ व्होल्टचा एक नाण्यासारखा सेल असतो, सीआर२०३२. २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, असे त्याच्या नावातच लिहिले आहे. प्लग काढलेला असताना घड्याळ त्यावर चालते. काही वर्षांत तो संपतो, आणि मग यंत्र रोज सकाळी मदरबोर्डच्या जन्माच्या सुमाराला परत जाते आणि एफ-वन दाबण्याची विनंती करते. अनेक घरांत ती विनंती वर्षानुवर्षे मानली जाते. सेल घड्याळजीकडे स्वस्तात मिळतो, तो बदलावा. चुकलेल्या तारखेमुळे बँकेची आणि इतर सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, कारण त्यांची प्रमाणपत्रे यंत्राला भविष्यातली वाटतात. म्हणून इंटरनेटवाल्याला फोन करण्याआधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहून घ्यावी.