साडू आणि ऑइल प्रेशर

१९९५ साली माझदा कंपनीने आपल्या गिऱ्हाइकांशी एक प्रेमळ लबाडी केली. तिच्या मियाटा नावाच्या गाडीत इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणारा एक काटा होता आणि तोवर तो खरं बोलायचा. इंजिन थंड असताना वर, तापलं की खाली, सिग्नलला उभं राहिलं की आणखी खाली. तेलाचा दाब असाच वागतो, त्यात काही बिघडलेलं नसतं. पण मालकलोक तो पडलेला काटा बघून घाबरायचे आणि डीलरकडे धाव घ्यायचे, असं सांगतात. मग ९५च्या मॉडेलपासून माझदाने काटा तसाच ठेवला, फक्त त्याच्यामागे खऱ्या सेन्सरच्या जागी एक साधा स्विच बसवला. थोडाफार दाब असला की काटा मधोमध, नसला की तळाला. म्हणजे काटा पडेपर्यंत सगळं आलबेल आणि पडला की इंजिनाच्या दहाव्याची तयारी.

मला ही व्यवस्था अतिशय सुसंस्कृत वाटते. आमच्या साडूंना ती फसवणूक वाटते. त्यांच्याकडे ९५चीच मियाटा आहे.

माझदा म्हटलं की आपल्याला स्वराज माझदा आठवते आणि शाळेच्या सहलीत खिडकीजवळच्या जागेवरून झालेली मारामारी. मियाटा त्या घराण्यातली असली तरी वळण वेगळं. १९८९ साली शिकागोच्या मोटर शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोनच माणसांची, उघड्या टपाची, वजनाने जेमतेम टनभर, आणि बटण दाबलं की हेडलाइट बॉनेटमधून डोकं वर काढणार. इंग्रजांनी पूर्वी अशा छोट्या गाड्या पुष्कळ केल्या होत्या. त्या दिसायला देखण्या आणि भर रस्त्यात बंद पडणाऱ्या. जपान्यांनी तीच गाडी केली, फक्त बंद पडण्याची सोय काढून टाकली. इथेच घोळ झाला. जी गाडी आपणहून बंद पडत नाही, ती माणसाला बंद पाडावी लागते.

साडूंनी ती घेतली तेव्हा ती उत्तम चालत होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे ते सिद्ध करणं अवघड जाईल. तिच्यात १.८ लिटरचं, १२८ हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. टनभराच्या गाडीला आणि दोन मध्यमवयीन मराठी माणसांना ते भरपूर होतं. पण साडूंनी कुठेतरी के-२४चं वर्णन वाचलं आणि त्यांचं जेवणावरून लक्ष उडालं.

के-२४ हे होंडाचं २.४ लिटरचं इंजिन. अमेरिकेत ते २००४ ते २००८च्या अकुरा टीएसएक्समध्ये मिळायचं आणि दोनशे हॉर्सपॉवर द्यायचं. माझदाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, याचा ॲल्युमिनियमचा, त्यामुळे इंजिन मोठं होऊनही गाडीचं नाक फारसं जड होत नाही. होंडाच्या जुन्या बी-सिरीज इंजिनांची क्रँक बाकी जगाच्या उलट दिशेने फिरायची. के-सिरीजमध्ये होंडाने ती सरळ केली आणि तेव्हापासून ही इंजिनं कुणाच्याही घरात जाऊन नांदू लागली. साडूंनी एका अपघातात चेपलेल्या अकुराचं इंजिन आणलं. ते गॅरेजात आलं तसा मेहुणीच्या गाडीचा मुक्काम रस्त्यावर पडला.

इंजिन बदलण्याला मी नावं ठेवली तर ते आमच्या घराण्याला शोभणार नाही. पुण्यात आमच्या वडिलांची प्रीमियर ११८ एनई होती. अंगाने फियाट १२४ आणि पोटात निसानचं ए-१२, हे इंजिन अवघं ११७१ सीसीचं. नावातलं एनई ते निसानचंच. ही शस्त्रक्रिया कुठल्या गल्लीतल्या गॅरेजात झाली नव्हती. १९८५ साली खुद्द प्रीमियर कंपनीने ती कुर्ल्याच्या कारखान्यात केली. हिंदुस्थान मोटर्सने तर इंग्रजी व्हॉक्सहॉलच्या साच्यातल्या कॉन्टेसात इसुझूचं इंजिन बसवलं आणि साऱ्या देशाने टाळ्या वाजवल्या. त्यामुळे परक्या पोटी जपानी इंजिन ही कल्पना आम्हाला नवी नाही. जपानी गाडीतलं चांगलं जपानी इंजिन काढून दुसरं जपानी इंजिन घालणं मात्र मला भाऊबंदकीसारखं वाटलं.

माझं काम बॅटरी धरण्याचं. मराठी घरात प्रत्येक पुरुषाने लहानपणी वडिलांसाठी बॅटरी धरलेली असते आणि ती चुकीच्या ठिकाणी धरल्याबद्दल बोलणी खाल्लेली असतात. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला येऊन, गृहकर्ज काढून, केस पिकवून मी पुन्हा त्याच पदावर रुजू झालो. साडू गाडीखालून म्हणायचे, "साडूभाऊ, जरा डावीकडे." गाडीखाली उताणा पडलेल्या माणसाचं डावं कुठलं, हे मला अजून कळलेलं नाही.

पहिली लढाई स्क्रूंशी झाली. जपानी गाडीतले फुलीचे स्क्रू जेआयएस मापाचे असतात. ते दिसायला हुबेहूब फिलिप्ससारखे, पण खाच निराळी. अमेरिकन स्क्रू ड्रायव्हर लावून जोर केला की तो वर सरकतो आणि स्क्रूचं डोकं भुईसपाट होतं. आमच्या दोघांची डोकीही त्याच बेतात होती. मग साडूंनी जपानहून खास स्क्रू ड्रायव्हर मागवले. माझ्या मते त्या दिवशी हा छंद राहिला नाही, संप्रदाय झाला.

पुढचं सांगायला सोपं आहे. होंडाचं इंजिन मूळ गाडीत आडवं बसतं, मियाटात ते उभं बसवायचं. त्याचं तेलाचं चेंबर मियाटाच्या स्टिअरिंग रॅकवर आदळतं, म्हणून चेंबर बदललं. इंजिनाचे माउंटिंग बदलले. इंजिन होंडाचं आणि गिअरबॉक्स माझदाचा, त्यामुळे मधे सोयरीक जमवणारी एक जाड प्लेट आली. क्लच नवा, सायलेन्सर नवा, रेडिएटर नवा. ताकद वाढली तर थांबायला नको का, म्हणून ब्रेक नवे. दर वस्तूमागे साडू म्हणायचे, "एवढं झालं की झालं." मेहुणीने या वाक्याकडे पहिल्यापासून दुर्लक्ष केलं. माझा मात्र काही काळ खरोखर विश्वास बसला होता.

मग आला रेफरी. कॅलिफोर्नियात इंजिन बदललेल्या गाडीला धुराच्या तपासणीसाठी सरकारी रेफरीपुढे उभं राहावं लागतं. नियम सुबोध आहे. नवं इंजिन गाडीच्या सालचं किंवा त्यानंतरचं हवं, आधीचं चालत नाही. आणि ते आपल्या माहेरचा धूर-नियंत्रणाचा सगळा संसार घेऊन यायला हवं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, टाकीतल्या वाफा शोषणारा कोळशाचा डबा, तपासणीचा संगणक जोडायचं ओबीडी-२ सॉकेट, सगळं. हे सॉकेट अमेरिकेत १९९६पासून सक्तीचं झालं. साडूंची गाडी ९५ची. तरी इंजिन २००४चं म्हणून सॉकेट हवंच. शिवाय चेक इंजिनचा दिवाही हवा, आणि तो चालू स्थितीत. जो दिवा लागला की माणसाचं पाणी पाणी होतं, तोच दिवा लागत नाही म्हणून गाडी नापास होऊ शकते, हे मला या देशातच कळलं. साडू पास झाले. रेफरीने गाडीला चिकटवलेल्या लेबलचा फोटो त्यांनी सातारला सासऱ्यांना पाठवला. सासऱ्यांनी "अभिनंदन, किती टक्के?" असं विचारलं.

इथे थांबायला हरकत नव्हती. पण साडूंना तो मधोमध बसलेला काटा डाचत होता. त्यांनी अख्खं मीटरपॅनल काढलं आणि तिथे एक डिजिटल स्क्रीन बसवला.

डिजिटल डॅशबोर्ड म्हणजे काहीतरी आजचं, असं समजू नये. टोयोटाने १९८१ साली सोअरर गाडीत आकडे झळकवले होते. त्याच सालच्या डॅटसन ८१० मॅक्झिमात तर गाडी बोलायची. दिवे चालू राहिले तर ते बंद करा, अशी एक बाई विनंती करायची, आणि तिचा आवाज चिपमध्ये नव्हता, डॅशबोर्डमागे फिरणाऱ्या एका चिमुकल्या तबकडीवर होता. ग्रामोफोनची तबकडी! अशा गाडीला मी आजही वर्गणी काढून तेल घालेन.

साडूंच्या स्क्रीनमध्ये एवढी लज्जत नाही, तो फक्त खरं बोलतो. मियाटाचा स्पीडोमीटर गिअरबॉक्समधून निघालेल्या केबलवर चालायचा आणि स्क्रीनला केबल समजत नाही. म्हणून वेग उपग्रहावरून घ्यायचं ठरलं. ओकलंडच्या कॅल्डेकॉट बोगद्यात शिरल्यावर उपग्रहाचा हात सुटला. गाडी ताशी साठ मैलांनी पळत होती आणि स्क्रीन शांतपणे शून्य सांगत होता. शेवटी गिअरबॉक्सवर सेन्सर बसला. मीटर बदललं म्हणून दाराच्या चौकटीवर एक चिठ्ठीही लागली. अमेरिकन कायद्यानुसार नव्या मीटरला जुना आकडा चढवता येत नसेल तर ते शून्यावर ठेवायचं आणि जुन्या मीटरवर किती मैल होते ते तारखेसह तिथे लिहायचं. अशी सोय माणसांनाही असती तर पन्नाशीनंतर फार लोकांनी तिचा फायदा घेतला असता.

पहिली फेरी नाइल्स कॅन्यनमधून. ओढ्याच्या काठाने वळणं घेत जाणारा छान रस्ता. याच भागात १९१५ साली चार्ली चॅप्लिनने 'द ट्रॅम्प'चं चित्रीकरण केलं होतं. तो पायी होता, त्यामुळे त्याला ऑइल प्रेशरची चिंता नव्हती. इंजिन सात हजार फेऱ्यांपर्यंत असं काही चढत गेलं की माझ्या तोंडून "अरे वा" निघालं, तेही बिनशर्त. पण साडूंना दाद ऐकायला वेळ नव्हता.

"ऑइल प्रेशर किती?"

"एकसष्ट."

"मघाशी चौसष्ट होतं. पाणी?"

"ब्याण्णव."

"नव्वद होतं!"

मग इनटेकची हवा, बॅटरीचे व्होल्ट, पेट्रोल-हवेचं प्रमाण. १४.७ला एक हे प्रमाण आदर्श मानतात. आमचं १४.५ दिसताच साडूंनी गाडी कडेला घेतली. बाहेर डोंगर होते, वर निळंभोर आकाश होतं, टप उघडा होता आणि आम्ही दोघं खाली मान घालून अपूर्णांक वाचत होतो. उभ्या गाडीत ऑइल प्रेशर अठरावर आलं. तापलेल्या इंजिनाला आयडलवर दहा पीएसआय पुरे, असं होंडाचं मॅन्युअल सांगतं. साडूंना ते पान पाठ होतं, तरीही त्यांना घाम फुटला. जुना काटा असता तर तो मधोमध बसून राहिला असता आणि आम्ही सुनोलला जाऊन कॉफी पिऊन आलो असतो.

घरी आल्यावर मेहुणी म्हणाली, "भावोजी, बाबांना आपण बीपीचं यंत्र पाठवलं होतं ना, त्यानंतर हेच झालं होतं. दिवसातून अकरा वेळा मोजायचे आणि मोजून मोजून वाढवायचे. शेवटी आईने यंत्रातले सेल काढून रिमोटमध्ये घातले."

साडूंना हे लागलं असावं. पुढे काही दिवस ते लॅपटॉप घेऊन गाडीत बसून असायचे. या स्क्रीनवर आपल्याला हवी तशी चित्रं काढता येतात. त्यांनी मूळ मियाटाचं मीटरपॅनल जसंच्या तसं काढलं. काळी तबकडी, पांढरे आकडे, भोवती चंदेरी कडी. ऑइल प्रेशरचा काटाही काढला. तो मी नीट पाहिला. दाब बाराच्या वर कितीही असो, काटा मधोमध.

"साडूभाऊ," मी म्हणालो, "हे माझदाने फुकट दिलं होतं."

"ते खोटं होतं," साडू म्हणाले. "हे मी स्वतः प्रोग्रॅम केलंय."

गाडी आता नियमित चालते, ही खरी अडचण आहे. शनिवार मोकळे पडले. गॅरेजच्या कोपऱ्यात माझदाचं ते जुनं १.८चं इंजिन, चादर पांघरून. धडधाकट आहे, विकलं तर कवडी येणार नाही, आणि टाकून देणं आपल्या रक्तात नाही. ज्या घरात श्रीखंडाचे डबे पंधरा वर्षं सांभाळतात त्या घरात चालू इंजिन कोण टाकेल? तेव्हा त्या इंजिनासाठी साडूंनी एक स्थळ पाहिलं आहे. १९७२ची डॅटसन १२००. कॅलिफोर्नियात १९७५पर्यंतच्या गाड्यांना धुराची तपासणी नाही, म्हणजे रेफरीही नाही.

"आणि तिच्यातलं इंजिन?" मी विचारलं.

"ते छोटंसं आहे हो. ए-१२."

मी बॅटरी खाली ठेवली. ए-१२ म्हणजे ११७१ सीसी. वडील सकाळी चोक ओढून ज्याला दोन मिनिटं गोंजारायचे, ते.

"ते टाकू नका," मी म्हणालो.

साडूंनी मेहुणीकडे पाहिलं. मेहुणीने माझ्याकडे पाहिलं. "भावोजी, तुमच्या गॅरेजात सध्या काय आहे?"

"विशेष काही नाही. सायकली, दिवाळीच्या माळा, गणपतीचं मखर."

"मखर वर टांगता येईल," साडू म्हणाले आणि खिशातून टेप काढला.