हद्दकायम मोजणी

परदेशी जाणाऱ्या मराठी सद्गृहस्थांत एक वर्ग असा आढळतो, की ज्याची अब्रू अंतःकरणात नव्हे, तर कंबर आणि गुडघा यांच्या दरम्यानच्या कापडात वास करीत असते. आणि या वर्गाचा अस्सल मासला कोणास पाहावयाचा असेल, तर मी त्यास बिनदिक्कत माझे बालमित्र दाजी यांच्या हवाली करीन.

तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून हयात घालविलेले दाजी सपत्नीक तीन महिन्यांसाठी लेकीकडे पॅरिसला निघाले, तेव्हा त्यांच्या सामानात मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला यांच्या जोडीस, गुडघ्याखाली चार बोटे उतरणारी, दोहो बाजूंस खिसे असलेली एक फुलाफुलांची बर्मुडा होती. बिकिनी बेटांवरील अणुस्फोटास चार दिवस उलटतात न उलटतात तोच, ५ जुलै १९४६ रोजी, लुई रेआर नावाच्या मोटारींच्या अभियंत्याने ज्या नगरीत मोलितोर तलावाच्या काठी त्या बेटांच्याच नावाच्या चार चिंध्या जगापुढे मांडल्या, आणि त्या अंगावर घालावयास ज्यास अखेर एका नर्तकीस पाचारण करावे लागले, त्या नगरीत लज्जारक्षणाचा सारा भार आपल्यावरच पडणार, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

नातवाचा हात धरून ते म्युनिसिपालिटीच्या तलावाच्या काठी आले मात्र, तोच जीवरक्षकाने शिट्टी फुंकून त्यांच्या गुडघ्याकडे बोट दाखविले. वस्त्र आखूड पडले असावे, अशा समजुतीने दाजींनी ते लगबगीने आणखी खाली ओढले. शिट्टी पुन्हा वाजली.

“आजोबा, ही चालत नाही,” नातू कानाशी लागला. “घट्ट चड्डी लागते. आणि टोपीपण.”

सैल चड्डी मनुष्य रस्त्यातही घालून हिंडतो, बाकावर बसतो, आणि तीच धूळ पाण्यात आणतो, म्हणून तिला मनाई, टोपी केसांकरिता. “अरे, कालच इस्त्री केली आहे मी हिला!” ही दाजींची हरकत तात्काळ फेटाळण्यात आली. त्यांच्या मस्तकावर केस असे मोजकेच उरले असताही टोपीतून सूट मिळेना, तेव्हा मात्र नियमाची ही बेमुर्वत अंमलबजावणी पाहून त्यांच्यातील कारकून मनोमन सुखावला असावा, असा माझा तर्क आहे.

दाराशी एक यंत्र होते. नाणी टाकली की चॉकलेट पडावे तशी चड्डी खाली पडे. पडलेली लाल चड्डी दाजींनी उजेडापुढे धरली, उलटसुलट केली, आणि तंट्यातील जमिनीचा नकाशा तपासावा तशा मुद्रेने वितीने मोजली. भरली एक वीत, वर दोन बोटे.

येथे मला एक साक्ष नोंदविणे भाग आहे. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून ज्या विहिरीत आम्ही दोघे पोहावयास शिकलो, तेथे धुणे धुणाऱ्या अर्ध्या गावातील बायाबापड्यांच्या देखत दाजी ज्या लंगोटावर सूर मारीत, त्याचे क्षेत्रफळ या फ्रेंच चड्डीहून कणभरही अधिक नव्हते, आणि त्यावरून गावात कोणाची अब्रू गेल्याचे दप्तरी नमूद नाही. दाजींची मर्यादा वडिलोपार्जित नव्हेच. ती पाटलोणीबरोबर नोकरीत मिळालेली आहे, आणि पेन्शनप्रमाणे हयातभर चालू राहावी अशी त्यांची अपेक्षा आहे.

कपडे बदलण्याच्या खोलीपासून पाण्यापर्यंतची वीसेक पावले त्यांनी पंचा कमरेशी घट्ट कवटाळून काढली. पंचा काठावर ठेवला तो डोळे मिटून, आणि पाण्यात शिरले ते गळ्यापर्यंत. पुढे तासभर ते असे पोहले, की नातू थक्क झाला.

काचेपलीकडे बसून वहिनींनी हा सारा प्रकार पाहिला होता. घरी परतताना दाजींनी मान खाली घालूनच विचारले, “फार वाईट दिसत होतं का गं?”

“दिसणारच,” वहिनी म्हणाल्या. “टोपी कशाला घातली होती?”