परसबागेचा फोटो

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नयी तालीम, म्हणजे हाताच्या कामातून ज्ञान देणारी शिक्षणपद्धती, मांडली, तेव्हा त्या कामाचा फोटो वर पाठवावा लागेल हे त्यांच्या ध्यानात आले नसावे. आज शालेय पोषण आहाराच्या जोडीला परसबाग, म्हणजे शाळेच्या आवारातील भाजीचे वाफे, आली आहे. काही ठिकाणी मेथीआधी फलक उगवतो, कडेच्या विटा गेरूने रंगतात, आणि पाहणीच्या दिवशी मुले कोरी खुरपी धरून रांगेत उभी राहतात. भाजी निवडणे, फोडणी घालणे हे शास्त्र मात्र मुलींना घरी आपोआप येते असे गृहीत धरलेले असते. पाहणीला येणाऱ्या साहेबांनी फलक वाचण्याआधी त्या दिवशीची खिचडी ढवळून पाहावी आणि तीत वाफ्यातली मेथी उतरली आहे का, एवढेच तपासावे.